आमच्या दारातलं माहिती केंद्र

गेली सव्वीस वर्षं मी भूमापन कार्यालयात आरेखक आहे, म्हणजे नकाशे काढतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मोठेपणा वाटावा असं त्या पदात फारसं काही नाही, आणि जे थोडंफार होतं ते गेल्या तीन महिन्यांत संपलं. सांगतो एवढ्याचसाठी की, ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या हद्दी स्वतःच्या हाताने आखल्या, त्याचं घर फोनमधल्या नकाशात मागच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या अंगणात निघालं. चादरी वाळत घालायच्या दोऱ्यांच्या बरोब्बर खाली.

हा शोध सिस्टरांनी लावला. बाबांच्या मांडीचं हाड मोडून चार महिने झाले होते. हाड सांधलं, पण टाक्यांजवळची जखम भरेना, म्हणून दिवसाआड एक सिस्टर घरी येऊन ड्रेसिंग करून जात. त्या नवीन होत्या. स्कूटरवर फिरायच्या आणि फोन सांगेल तिकडे वळायच्या. पहिल्या दिवशी फोन त्यांना म्हणाला, आपण पोहोचलात, आणि त्यांनी मान वर केली तर समोर चाळीस ओल्या चादरी. दुसऱ्या खेपेला लाँड्रीवाल्या बाईंनी त्यांना बसवून घेऊन स्वतःचा गुडघा दाखवला. तिसऱ्या खेपेला त्या पाऊण तास उशिरा पोहोचल्या आणि हातमोजे चढवता चढवता अगदी शांतपणे म्हणाल्या की, तुमचं लोकेशन तेवढं नीट करून घ्या, नाहीतर मला हे घर यादीतून काढावं लागेल.

रागावून बोलल्या असत्या तर मी दोन शब्द ऐकवले असते. शांत माणसापुढे माझं काही चालत नाही. शिवाय नकाशा चुकला म्हणजे तो माझ्या घरचाच अपमान.

मी त्याच दिवशी कामाला लागलो. फोनमध्ये 'चूक कळवा' अशी एक जागा असते. तिथे मी घराचा भूखंड क्रमांक, चारही बाजूंच्या हद्दी, रस्त्याच्या मध्यापासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर (कार्यालयाची टेप आणून मोजलेलं) असा पाऊण पानी मजकूर लिहून पाठवला. उत्तर आलं, आपल्या माहितीची खातरजमा होऊ शकली नाही. माझ्या माहितीची! ज्या कागदावरून त्या रस्त्याची खातरजमा अवघं शहर करतं, तो कागद मी काढलेला आहे. मी पुन्हा पाठवला. मग त्यांनी घराचा फोटो मागितला. पाठवला, तर हा फोटो एखाद्या ठिकाणाचा वाटत नाही असा निरोप आला. बायकोने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली की, रंग काढायला हवा हे मी तीन वर्षं सांगतेय.

सहाव्या नकारानंतर शेजारचे विमेवाले आले. त्यांनी विमा विकणं सोडून दहा वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलची काळजी अजून सुटलेली नाही. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले की, घर म्हणून सांगितलंत तर नकाशावाले ढुंकून बघणार नाहीत. घरात कोणाला जायचं असतं? दुकान म्हणून टाका, लगेच दखल घेतील. मी म्हटलं, दुकान कसलं? त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यात धंद्यांची एक लांबलचक यादी होती, ती ते बोटाने सरकवत राहिले.

"हॉटेल नको, लोक जेवायला येतील," ते म्हणाले. "दवाखाना नको, दुखणी घेऊन येतील. हे बघा, 'प्रवासी माहिती केंद्र'. हे टाका. माहिती विचारायला हल्ली कोण कुठे जातंय?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी वेळही टाकली होती: सकाळी आठ ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सातही दिवस. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही खोटी रेघ मारलेली नाही. पण ही रेघ मी मारली नव्हती, विमेवाल्यांनी मारली होती, असं मी मनाशी म्हटलं. अकरा मिनिटांत मंजुरी आली. आमचं घर चादरींखालून निघून थेट स्वतःच्या उंबऱ्यावर येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर अगदी वेळेवर आल्या. ते समाधान मला दीड दिवस उपभोगायला मिळालं.

तिसऱ्या दिवशी मी कार्यालयातून आलो तर बायको दारातच उभी. दुपारी एक जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन आलं होतं, म्हणाली. सरळ आत येऊन त्यांनी विचारलं की, तळ्यावरची होडी कुठून सुटते? तिला वाटलं घर चुकले. ती काही बोलणार तेवढ्यात आतल्या पलंगावरून बाबांनी उत्तर दिलं.

यात नवल काय, असं वाटेल, म्हणून सांगतो. बाबा एकतीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसत. सगळ्या गाड्यांच्या सगळ्या वेळा त्यांना पाठ. घरात आम्ही काही विचारलं तरी ते वेळापत्रक सांगावं तसं, एकदाच आणि ठासून सांगायचे. पण पडल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. जेवण झालं का, हं. दुखतंय का, हं. डॉक्टर म्हणत की, उठून बसायला हवं, चालायला हवं, नाहीतर छातीत कफ साठेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. आणि बाबा भिंतीकडे तोंड करून, हं. त्या माणसाने त्या दिवशी सलग चार वाक्यं बोलून दाखवली. होडी दुपारी बंद असते. बारा नंबरची बस धरा. जुनं स्थानक, पूर्व दरवाजा, फलाट दोन. सुटे पैसे जवळ ठेवा.

ते जोडपं आभार मानून गेलं. बारा नंबरची बस बंद होऊन चौदा वर्षं झाली आहेत. जुनं स्थानक तेव्हाच पाडलं, फलाट दोनच्या जागी आज कापडाचं दुकान आहे. पण हे मी बाबांना सांगायला आत गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, आणि त्यांनी मला विचारलं, "माझा इस्त्रीचा शर्ट कुठे आहे?"

मी शर्ट काढून दिला. बारा नंबरचं कोण बोललं असतं?

फोनमधल्या नकाशाला आणखी एक खोड असते, ती मला तोवर माहीत नव्हती. माणूस चालता चालता किंवा गाडीत बसल्या बसल्या एखाद्या ठिकाणाजवळून गेला की, फोन आपणहून वाजतो: 'आपण प्रवासी माहिती केंद्रापासून चारशे मीटरवर आहात.' ज्याला काही विचारायचं नसतं त्यालाही मग काहीतरी विचारावंसं वाटतं. आठवड्याभरात आमच्या ओसरीवर माणसं दिसू लागली. पेट्या घेतलेली, मुलं कडेवर घेतलेली, फोनमधली बॅटरी संपत आलेली. कोणी रस्ता विचारी, कोणी राहायची सोय, कोणी नुसतंच पाणी. एकाने तर आपण कुठे आहोत एवढंच विचारलं, आणि ते सांगितल्यावर फार निराश होऊन गेला.

बाबांनी पलंग खिडकीशी सरकवून घेतला. मग पलंग नको, खुर्ची हवी म्हणाले. सहा दिवसांत ते खुर्चीत बसू लागले. दहाव्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकत आपले आपण खिडकीपर्यंत गेले, कारण बाहेर कोणीतरी ताटकळत होतं. सिस्टर म्हणाल्या, जखम भरतेय, हे औषध कुठलं चालू केलंत? आम्ही ओसरीवरच्या पेट्यांकडे पाहिलं.

आता अब्रूचं सांगतो. अशा ठिकाणांना लोक फोनवरून चांदण्या देतात, पाचपैकी किती ते. रविवारी सकाळी दार वाजलं म्हणून मी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत उघडलं, तर एका गृहस्थांनी लगेच लिहून टाकलं: 'कर्मचारी अर्धवट दाढीत. वृत्ती त्रासिक. दोन चांदण्या.' एका बाईंनी लिहिलं, 'सांगितलेलं बसस्थानक सापडलं नाही, पण सांगणारे आजोबा फार ठाम आहेत. चार चांदण्या.' म्हणजे चुकीची माहिती देणाऱ्याला चार, आणि स्वतःच्या घरात दाढी करणाऱ्याला दोन. मी कर्मचारी नसून घरमालक असल्याचा खुलासा तिथे खाली तीनशे शब्दांत लिहिला. त्यावर कोणीतरी लिहिलं की, व्यवस्थापन वाद घालतं.

चुकीची माहिती जाते आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी नव्या स्थानकावर जाऊन छापील वेळापत्रक आणलं. बाबांनी ते चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि छपाईच्या चुका फार आहेत म्हणून परत दिलं. मग मी मोठा घाट घातला. सलग तीन रविवार बसून शहराचा एक नकाशा काढला: नवं स्थानक, नवे रस्ते, बसच्या वाटा निरनिराळ्या रंगांत. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं. कार्यालयात मला कोणी रंग वापरू देत नाही. तो मी बाबांच्या खिडकीबाहेर ओसरीच्या भिंतीवर लावला. संध्याकाळी येऊन पाहतो तर बाबांनी लाल पेन्सिलीने माझं नवं स्थानक खोडून जुनं होतं तिथे परत नेलं होतं, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तपासून घेणे.'

विमेवाल्यांना हे फार आवडलं. ते रोज येऊन ओसरीवर बसत आणि रांगेतल्या लोकांना एकेक करून आत सोडत. मी कार्यालयातून आलो की मलाही कोणासाठी आलात असं विचारत.

एका सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. कोणीतरी तक्रार केली होती की, शहरात एक अनधिकृत माहिती केंद्र चालतं. साहेबांनी त्यांच्या फोनवर एक फोटो दाखवला. आमची ओसरी, खाली चार पेट्या आणि भिंतीवर माझा नकाशा.

"अक्षर तुमचं आहे," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांत साहेबांनी माझं अक्षर ओळखल्याची ती पहिलीच वेळ. क्षणभर मला बरं वाटलं, आणि त्याच आनंदात मी हो म्हणून बसलो. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. नोकरीत असताना परवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करणे, आणि शासकीय स्वरूपाचा नकाशा चुकीच्या दुरुस्त्यांसह प्रदर्शित करणे, याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा. चुकीच्या दुरुस्त्या माझ्या नाहीत, माझ्या वडिलांच्या आहेत, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, म्हणजे व्यवसायात कुटुंबीयही आहेत, तेही लिहा.

त्या संध्याकाळी मी केंद्र बंद करायला हवं होतं. शहाण्या माणसाने केलं असतं. पण घरी आलो तेव्हा बाबा वॉकरशिवाय, भिंतीला हात धरून उभे होते. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्या उशाशी बसून मी कुठल्या नातेवाइकांना कोणत्या क्रमाने कळवायचं याची मनातल्या मनात यादी केली होती, ते बाबा. मी ठरवलं, खुलाशात काय वाटेल ते लिहू. बढती गेली तर गेली. तशीही ती येत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या पायरीवर एक बाई बसलेल्या दिसल्या. तिशीच्या असतील. चपला काढून शेजारी ठेवलेल्या आणि मांडीवर कागदांची फाइल. मी विचारलं तेव्हा उठल्या नाहीत, नुसतं सांगितलं. सकाळी त्या इथे येऊन गेल्या होत्या. दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती, दुपारी बाराला. आजोबांनी सव्वानऊची गाडी सांगितली, जुनं स्थानक, फलाट दोन. त्या धावत तिथे गेल्या. तिथे कापड मोजत होते. तिथून नवं स्थानक गाठेपर्यंत गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीने पोहोचल्या तेव्हा शाळेचं फाटक लावून घेतलेलं होतं. दोन वर्षांनी आलेलं पत्र होतं ते, म्हणाल्या.

मी पाणी आणून दिलं.

"मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "ते इतक्या खात्रीने बोलले की, मी फोनमध्ये पाहिलंच नाही. पुढच्या कोणाला तरी असं सांगू नका. तेवढंच."

मी हळू आवाजात त्यांची माफी मागितली. वडिलांचं वय, आजारपण, सगळं सांगितलं. ते स्थानक पाडून चौदा वर्षं झाली, पण ते त्यांना पटत नाही, आणि आम्हालाच ते सांगवत नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेला पायरीवर नीट कडेला ठेवला आणि चपला घालून गेल्या. त्यांनी एकही चांदणी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी पायरीवरच बसून फोन काढला. केंद्र काढून टाकायचं तर कारण निवडावं लागतं: जागा बदलली, कायमचं बंद झालं, किंवा असं ठिकाण कधी नव्हतंच. विमेवाले कुंपणावरून म्हणाले की, तिसरं टाका. बंद झालं म्हटलंत तर चालू होतं असा अर्थ निघतो, आणि खुलाशात अडकाल. कधी नव्हतंच हे सगळ्यांत सुरक्षित. मी तिसरं टाकलं. या खेपेला खातरजमा व्हायला चारच मिनिटं लागली. मग मी नकाशा उघडून पाहिला तर केंद्र गेलं होतं, त्याच्याबरोबर घरही गेलं होतं. गल्लीत आमच्या जागी नुसता करडा रंग. चादरींखालीसुद्धा आम्ही नव्हतो.

खुलाशात मी लिहिलं की, असं कोणतंही केंद्र अस्तित्वात नव्हतं. साहेबांनी त्यावर लिहिलं, 'मग नकाशा कशासाठी?' आणि ते प्रकरण आता वरच्या कार्यालयात आहे. माझ्याकडून रंगीत पेन्सिली काढून घेतल्या आहेत. बायको दिवसाआड सकाळी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते आणि सिस्टरांना घेऊन येते. जाऊन येऊन दोन मिनिटं लागतात. यावर ती काही बोलत नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

बाबा मात्र सकाळी आठ वाजता शर्ट घालून खिडकीशी बसत राहिले. ओसरी रिकामी. विमेवाल्यांनीही येणं सोडलं, त्यांना आता कोणाला आत सोडायचं उरलं नव्हतं. पहिले दोन दिवस मला वाटलं, बाबा विचारतील, लोक का येत नाहीत? त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या की, आजोबा आज चालायला तयार नाहीत. चौथ्या दिवशी बायकोने जेवणाचं विचारलं, आणि आतून उत्तर आलं, हं.

माणसं नाहीत म्हणून हे होतंय, असं मी धरून चाललो. पाचव्या दिवशी मी रजा टाकली. माळ्यावरची एक जुनी कातडी पिशवी काढली, मागच्या दाराने बाहेर पडलो, गल्लीला वळसा घालून आलो आणि खिडकीसमोर उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस, स्वतःच्याच घरासमोर, हातात रिकामी पिशवी. लाज म्हणून जी काही असते ती मी त्या दिवशी पिशवीत घालून आलो होतो.

"अहो," मी म्हटलं, "बसस्थानकाला कसं जायचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं होतं त्यांनी, त्यात शंका नाही. पिशवी त्यांचीच होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. स्थानकावर चौकशीच्या खिडकीत असताना ते जसे बोलत असतील तसे, सावकाश आणि स्पष्ट बोलले.

"जुनं पाडलं म्हणतात. नवं कुठे आहे ते मला माहीत नाही. पुढच्या खिडकीवर विचारा."

त्या बाई ज्या पायरीवर बसल्या होत्या, ती पायरी आणि ही खिडकी यांच्यात दोन हातांचं अंतर आहे. खिडकी त्या संध्याकाळी उघडी होती. सव्वीस वर्षं अंतरं मोजण्यात घालवलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं. मी पायरीवर बसून जे जे हळू आवाजात सांगितलं होतं, ते ते सगळं आत ऐकू गेलं होतं.

बाबांनी खुर्ची फिरवून घेतली. दुसरं काय करावं ते न कळून मी सांगितल्याप्रमाणे पुढच्या खिडकीकडे गेलो. ती आमच्या स्वयंपाकघराची. आत बायको हातात ओलं भांडं घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं असावं, कारण भांड्यातलं पाणी तिच्या पायावर निथळत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"आत या," ती म्हणाली. "लोक बघतायत."

मी मागे वळून पाहिलं, गल्लीत कोणी नव्हतं. लोक असते तर आणखी काय हवं होतं?